कौल की स्लॅब? कोकणातल्या जुन्या घराचा निर्णय घेण्याआधी

मे महिन्यात आमच्या आळीतल्या एका घराची मोजणी झाली. त्याच संध्याकाळी त्या घरातला मुलगा आमच्या ओटीवर येऊन बसला. नोकरीला पुण्यात असतो, वडील गेल्यापासून घराचे निर्णय त्याच्याकडे आलेत. "काका, तुम्ही तुमचं घर दिलं नाहीत. आम्ही काय करावं, ते सांगा," म्हणाला. असं दुसऱ्याच्या घराबद्दल सांगता येत नाही. पण मी दोन्हीकडे राहिलोय, त्यामुळे मला काय दिसलं ते त्याला सांगितलं. तेच इथे जरा सविस्तर मांडतोय, कारण रत्नागिरीतच नाही, दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती तरी घरं आज याच प्रश्नापाशी अडली आहेत.

चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटी, पडवी, मागे विहीर असं वाडवडिलांचं घर. बिल्डर म्हणतो जागा द्या, बदल्यात दोन फ्लॅट घ्या, वर थोडी रक्कम देतो. दुसरा रस्ता म्हणजे तेच घर उघडून, कौलांखालचे लाकडी वासे-रिपा बदलून, संडास-बाथरूम आत घेऊन पुन्हा राहण्याजोगं करायचं. एफएसआय, कार्पेट, पार्किंग हे गणित तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, त्यात शिरत नाही.

२०१९च्या उन्हाळ्यात मी आई, बायको आणि मुलीला घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलो. घराच्या हिश्श्यांची बोलणी चालली होती, बिल्डरही येऊन गेला होता, आईचे गुडघे धरले होते. म्हटलं, पुढे फ्लॅटमध्येच राहायचं असेल तर आधी राहून बघू. तीन पावसाळे राहिलो. २०२२च्या मे महिन्यात दुरुस्त केलेल्या घरी परत आलो.

आधी त्या चित्राबद्दल, कारण माझ्यावर त्याचा परिणाम झाला होता. बिल्डरच्या ऑफिसात भिंतभर चित्र होतं. खाडीच्या कडेने पांढऱ्या इमारती, प्रत्येक गॅलरीत झाड, वरच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव, रस्त्यावर चिखलाचा ठिपका नाही. शाळेत असल्यापासून मी दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा वाचत आलोय. भविष्यातलं शहर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर साधारण असंच काही येतं. त्या चित्रात आपलं रत्नागिरी बघून मला मनापासून आनंद झाला. तो आनंद मी आजही खोटा म्हणणार नाही. आपल्या गावानेही पुढच्या काळात पाऊल टाकावं, असं वाटण्यात काय चूक आहे?

म्हणून मग मी त्या चित्राच्या कुळाचा शोध घेत गेलो. १९१४ साली अंतोनिओ सांतेलिया नावाच्या तरुण इटालियन वास्तुकाराने 'नव्या नगरी'ची रेखाटनं केली. इमारतींच्या बाहेरून चढणाऱ्या लिफ्ट, खाली एकावर एक रस्ते आणि रेल्वे. त्याच्या नावे निघालेल्या जाहीरनाम्यात म्हटलं होतं की घरं माणसापेक्षा कमी टिकतील, प्रत्येक पिढीने आपलं शहर नव्याने बांधावं. तो पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि ती नगरी कागदावरच राहिली. पण नंतरच्या शंभर वर्षांत पडद्यावर जी भविष्यातली शहरं दिसली, त्यातली बरीच मला त्याच्याच घराण्यातली वाटतात. अगदी अलीकडचं म्हणजे सौदी अरेबियाने २०२१ साली जाहीर केलेलं 'द लाइन'. वाळवंटात १७० किलोमीटर लांब, ५०० मीटर उंच आणि २०० मीटर रुंद अशी आरशासारखी वास्तू, आणि तिच्यात ९० लाख माणसं राहणार, असा २०२२ साली दाखवलेला तो आराखडा होता.

ते चित्र पाहिलं आणि मला मामाचं गुहागर आठवलं. तेही एका रेषेतलंच गाव. लांबच लांब एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं. समुद्राकडच्या घरांमागे नारळ-पोफळीच्या वाड्या आणि वाडी संपली की पुळण. दारातून बाहेर पडलं की रस्ता, मागीलदाराने बाहेर पडलं की थोड्या वेळात समुद्र. आराखडे करणारे ज्यासाठी धडपडतात ते इथे कुणी न सांगता झालेलं आहे. फरक एकच, पण तो मोठा आहे. गुहागरच्या रेषेत एखादं घर पडलं, एखादं नवं झालं, एखादं वीस वर्षं कुलूपबंद राहिलं, तरी शेजारचं घर आपलं आपलं उभं असतं. एकाच भिंतीत नव्वद लाख माणसं राहायला गेली की एका जागचं बिघडलेलं कुणी आणि कसं दुरुस्त करायचं? हा प्रश्न माझ्या मनात आला. उत्तर मात्र मला आधीच मिळालं होतं, आमच्या हॉलच्या छतात.

ते सांगण्याआधी फ्लॅटचं जे चांगलं आहे ते सांगायला हवं, नाही तर हा आढावा एकांगी होईल. लिफ्टमुळे आई तीन वर्षांत जेवढ्या वेळा देवळात गेली, तेवढी आधीच्या पाच वर्षांत गेली नसेल. रात्री-अपरात्री मागीलदारी जायला लागत नव्हतं. पावसाळ्यात फुरसं निघण्याची धास्ती गेली. मुलगी एकटी घरी असली तरी दार लावून आम्ही निर्धास्त.

वादळाचंही तसंच. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आलं त्या रात्री आम्ही स्लॅबखाली झोपू शकलो. सकाळी जुन्या घरी जाऊन बघितलं तर पश्चिमेच्या पाखीची, म्हणजे छपराच्या उताराची, दीड-दोनशे कौलं अंगणात पडलेली, माळ्यावर पाणी. आदल्या वर्षी ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे धडकलं, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडात कौलारू घरांची काय दशा झाली, ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूणला तळमजल्यावरची माणसं वरच्या मजल्यांवर गेली म्हणून वाचली. त्या रात्री तिथे असलेल्या माणसाला मी कौलांचं कौतुक सांगायला जाणार नाही.

तौक्तेनंतर चार दिवस आमच्याकडे वीज नव्हती, हेही त्यासोबत लिहितो. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे तिसऱ्या मजल्यावर पाणी नाही. इमारत ज्या जागेवर आहे तिथे पूर्वी विहीर होती, ती बुजवून वर पार्किंग केलंय. मी आणि मुलगी स्कूटरवर कळशा घेऊन जुन्या घरी जायचो आणि रहाटाने पाणी काढून आणायचो. आमच्याबरोबर इमारतीतली आणखी चार घरं त्याच विहिरीवर यायची. तुम्ही जागा देणारच असाल तर एवढं एक करा, विहीर राहिलीच पाहिजे असं करारात लिहून घ्या.

आता गळतीकडे येतो.

पहिल्या पावसाळ्यात, आषाढ लागल्यावर, हॉलच्या छताला करंगळीच्या नखाएवढा डाग पडला. नेमका देव्हाऱ्याच्या वर. आठवड्यात तो बशीएवढा झाला आणि एके दिवशी आई पूजेला बसली असताना ताम्हनात थेंब पडला. आम्ही देव्हारा हलवला, खाली बादली ठेवली, घरमालकांना फोन केला. त्यांनी वरच्या फ्लॅटच्या मालकांचा नंबर दिला. ते मुंबईला, फ्लॅट कुलूपबंद, मे महिन्यात आणि गणपतीत उघडायचा. बोलायला अतिशय सज्जन. म्हणाले, "अहो, आमच्याकडे तर कुणी राहतच नाही, पाणी येणार कुठून? तरी गणपतीला येतो तेव्हा बघू."

गणपतीला ते खरंच आले, प्लंबरही आणला. प्लंबर म्हणाला, गॅलरीतून पाणी आत मुरतंय, लादी उखडून पुन्हा वॉटरप्रूफिंग करावं लागेल. लादी त्यांनी दोन वर्षांपूर्वीच घातली होती. दीड दिवसाचा गणपती, परतीचं तिकीट काढलेलं. "पुढच्या मे महिन्यात करू," म्हणाले. मला त्यांचा रागही येईना, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

पुढचा मे महिना २०२०चा होता. कुणीच कुठे जाऊ शकत नव्हतं. किल्ली मुंबईत, गवंडी घरी, आणि पाऊस मात्र वेळेवर. सोसायटीत अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, हा दोन फ्लॅटमधला आपसातला विषय आहे, सोसायटीचा खर्च फक्त गच्ची आणि बाहेरच्या भिंतींचा. बिल्डरकडे जाऊन आलो. रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दिसला तर तो बिल्डरने विनामूल्य आणि तीस दिवसांत दुरुस्त करून द्यायचा असतो. इमारत त्या कायद्याच्या आधीची होती, बिल्डरने हात वर केले. तिसऱ्या वर्षी घरमालकांनी स्वतः खर्च करून खालून स्लॅबमध्ये केमिकल भरून घेतलं. देव्हाऱ्याची जुनी जागा कोरडी झाली आणि पाणी दोन हात सरकून ट्यूबलाइटपाशी ठिबकायला लागलं.

छताचे पोपडे निघाले, खालच्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरली, ओलीचा वास कपड्यांत बसला. तीन वर्षांत आम्ही देव तीनदा हलवले. तिसऱ्यांदा हलवताना आई म्हणाली, "कौल असतं तर सरकवलं असतं." तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, सहज म्हटलं. पण माझा निर्णय बहुधा त्याच क्षणी झाला.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कौलारू घर गळतं, हे खरंच आहे. दरवर्षी गळतं. पण ते कसं गळतं बघा. रात्री टपटप ऐकू आली की आई उठायची, दिवा घेऊन थेंब कुठून येतोय ते बघायची. बहुतेक वेळा वाऱ्याने किंवा वानरांनी एखादं कौल हललेलं असायचं आणि त्याच्या वरच्या कौलाच्या खाचेतून ते निसटलेलं असायचं. पडवीत कोपऱ्याला एक वेळूची काठी कायम उभी असे. ती घेऊन आई आतूनच कौलाला खालून हलका दाब द्यायची, थोडं वर, थोडं डावीकडे. कौल रिपेवर बसलं की 'टक' असा बारीक आवाज यायचा आणि टपटप थांबायची. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी कुणाला फोन नाही, अर्ज नाही, कुणाची किल्ली नाही. कौल फुटलंच असेल तर रात्रीपुरतं खाली घमेलं आणि सकाळी मागीलदारी रचलेल्या ढिगातलं एक कौल.

जपानमधली एक गोष्ट मी याच सुमारास वाचली, शेजारी बादली ठेवलेली असताना. १९६०च्या आसपास तिथल्या काही वास्तुकारांनी 'मेटाबोलिझम' नावाची चळवळ सुरू केली. शहर सजीवासारखं असावं, जुन्या पेशी गळून नव्या याव्यात, अशी त्यांची कल्पना. मला तर ती विज्ञानकथेतली सगळ्यांत सुंदर कल्पना वाटते. त्यांच्यातल्या किशो कुरोकावा यांनी १९७२ साली तोक्योत नाकागिन कॅप्सूल टॉवर प्रत्यक्ष बांधून दाखवला. कारखान्यात तयार झालेल्या १४० खोल्या दोन मनोऱ्यांना अडकवलेल्या. दर पंचवीस वर्षांनी जुनी खोली काढायची, नवी लावायची, असा हिशोब. एकही खोली बदलली गेली नाही. एक काढायची तर तिच्या वरच्याही काढाव्या लागणार, आणि सगळे मालक त्यासाठी पैसे घेऊन एकत्र आले असं कधी झालं नाही. गळती वाढत गेली. २००७ साली मालकांनीच इमारत पाडण्याच्या बाजूने मत दिलं आणि २०२२ साली ती उतरवली गेली. मी घरी परतलो तेच वर्ष.

आपली कौलं मात्र बदलली जातात. दरवर्षी, वैशाखात, शंभर वर्षं. आणि हे कौल काही अनादिकाळापासून आपल्याकडे नव्हतं. आधी कोकणात गवताची, झावळांची आणि कुंभाराने चाकावर काढलेल्या नळ्यांची छपरं होती. बाझेल मिशन या युरोपातल्या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. एका मापाची, साच्यातून निघालेली, एकमेकांत खाचेने अडकणारी ही कौलं किनाऱ्याने वर सरकत आमच्यापर्यंत आली. आमच्या पणजोबांच्या काळी ती भविष्यकाळातली वस्तू होती. घर उघडलं तेव्हा मी एकेक कौल हातात घेऊन पाहिलं. पोटाच्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं, वरच्या बाजूला शेवाळाचा काळपट थर, आणि पुसल्यावर खाली तीच लाल माती. सुटा, ठरावीक मापाचा, हाताने काढता येणारा भाग. तोक्योत जे जमलं नाही ते आमच्या आढ्याखाली इतकी वर्षं चाललं होतं. ज्याला भविष्यातलं शहर हवंय त्याने बिल्डरच्या भिंतीवरचं चित्र बघावं, पण एकदा आपल्या माळ्यावर चढून छप्पर आतूनही बघावं, असं मला वाटतं.

अर्थात घर ठेवणं सोपं नाही. कौलं परतायला माणूस मिळत नाही ही आता सगळ्यांचीच रड आहे. पूर्वी आमच्याकडे येणारे दोघे गडी थकले, त्यांची मुलं मुंबईला. मी कौलांवर चालायला शिकलो ते चाळिशीनंतर, रिपेच्या रेषेवर पाय टाकायचा हे दोनदा कौल फोडून कळलं. वानरांचा त्रास वाढतच चाललाय. कौलांचे कारखाने कमी होत चाललेत आणि एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलाला नीट बसत नाही, म्हणून उतरवलेलं एकही चांगलं कौल टाकू नका. लाकडाचा प्रश्न त्याहून मोठा. आमचे निम्मे वासे वाळवीने आतून पोकळ झाले होते. तेवढं सागवान किंवा फणस घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून मागच्या पाखीला जस्त चढवलेल्या लोखंडी (जीआय) पाइपचा सांगाडा केला आणि त्यावर जुनीच कौलं चढवली. बाथरूम आणि आईची खोली यांवर सरळ स्लॅब घातली, म्हणजे वादळाच्या रात्री सगळ्यांनी त्या खोलीत जायचं. कुणी म्हणेल मग जुनं घर राहिलं कुठे? आईला ते तिचंच घर वाटतं, मला तेवढं पुरतं.

खर्चाचं म्हणाल तर दुरुस्ती स्वस्त पडली नाही. चुलत भावांचे हिस्से घेण्यासाठी काढलेलं कर्ज अजून फेडतोय. बिल्डरला जागा दिली असती तर आज माझ्या हातात पैसे असते, हे स्वच्छ सांगतो.

गणपतीतलं सांगायचं राहिलं. फ्लॅटमध्ये असताना पहिल्या वर्षी जाखडीवाले आले. दरवर्षी आमच्या खळ्यात नाचणारा तोच मेळा, आम्हाला शोधत आला. हॉलमध्ये गोल धरायला जागा नव्हती, आणि घुंगरांचा आवाज खालच्या मजल्यावर गेला असता. मग पार्किंगमध्ये गाड्या हलवून नाच झाला. इमारतीतली सगळी मंडळी जमली, मुलं तर खूश होती, आणि एरवी जिन्यात न बोलणारी माणसं त्या रात्री तास-तास बोलत बसली, हे मान्य करायला हवं. पण ढोलकी त्या बुटक्या छताखाली नुसती घुमत होती, गाणाऱ्याचा एकही शब्द कळेना. सवाल-जवाब ऐकूच आले नाहीत तर शक्ती आणि तुरा या दोन पक्षांतल्या गाण्याचं उरतं काय? मेळ्याचे बुवा नाच संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "परत घरी कधी जाताव?" त्यांनी 'घरी' म्हटलं ते माझ्या लक्षात राहिलं.

सासुरवाडीला, संगमेश्वराकडे, शिमग्यात पालखी घरोघर येते. कुठल्या घरी आधी, कुठल्या घरी मागाहून, हा मान ठरलेला आहे आणि तो घराला आहे. तिथल्या एका घराच्या जागी सहा फ्लॅटची इमारत झाली. गावाने विचार करून पालखी इमारतीच्या फाटकात थांबवायची ठरवली, तिथे सहाही घरं ओट्या भरतात. वाद झाला नाही. गावं अशी वाट काढतात, त्यामुळे फ्लॅट आले म्हणजे संस्कृती बुडाली असं मी म्हणणार नाही. मात्र पालखी घरात येणं आणि आपण फाटकात जाणं, यातला फरक त्या घरच्या म्हातारीला विचारा.

मुंबईची गोष्ट यात मिसळू नये, असंही वाटतं. माझा एक मावसभाऊ वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर सामायिक संडास, त्यात सात माणसं. त्यांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. तिथे मी डोळे झाकून पुनर्विकासाच्या बाजूने आहे. तिथे माणसं दाटीत गुदमरत होती. आपल्याकडे उलट आहे, घरं माणसांची वाट बघतात. मी राहत होतो त्या इमारतीत बारापैकी सात फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असायचे. संध्याकाळी खालून वर बघितलं की दिवे मोजता यायचे. आमची गळती तीन वर्षं थांबली नाही याचं खरं कारण त्या बंद दारांत होतं. तुमच्या जागेवर उठणारी इमारत कोण विकत घेणार आहे, राहायला घेणार आहे की सुट्टीसाठी, हे बिल्डरला आधी विचारा. माझ्या मते हा प्रश्न फ्लॅटच्या क्षेत्रफळापेक्षा महत्त्वाचा आहे.

मग फ्लॅट कुणी घ्यावा? सातबाऱ्यावर दहा-बारा नावं असतील, त्यातली निम्मी माणसं एकमेकांशी बोलत नसतील, तर बिल्डरला द्या आणि मोकळे व्हा. पडक्या घराच्या ओटीवर भावाभावांत वैर वाढत जाण्यापेक्षा ते बरं. घर पुराच्या रेषेत असेल, किंवा म्हातारं माणूस एकटंच राहणार असेल, तरी फ्लॅटच योग्य वाटतो. घर खाडीला किंवा समुद्राला लागून असेल तर मात्र आधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, तपासा. बांधकामबंदीच्या पट्ट्यात नवीन इमारतीची परवानगी मिळणं अवघड, पण आहे त्या अधिकृत घराची दुरुस्ती, क्षेत्र न वाढवता, रीतसर परवानगी घेऊन करता येते. अशा जागेसाठी मोठी स्वप्नं दाखवणाऱ्याला परवानगीचा कागद आधी दाखवायला सांगा.

घरात निदान एक माणूस वर्षभर राहणार असेल, भिंती जोत्यापासून सरळ असतील आणि हिस्सेदारांशी बोलणं होत असेल, तर मी घर ठेवायच्या बाजूला झुकतो. त्या मुलालाही तेच म्हटलं. त्याच्या घरात आजी आहे, धाकटी बहीण इथेच शाळेत शिकवते. तो म्हणाला विचार करतो.

निर्णय मेमध्ये घेऊ नका, एवढं मात्र त्याला बजावून सांगितलं. मेमध्ये फ्लॅटही कोरडा असतो आणि घरही. जुलैत चार दिवसांची रजा काढून या. त्याच बिल्डरने सहा-सात वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत जा, मधल्या मजल्यावरच्या कुणाचं तरी दार वाजवा आणि बाथरूमच्या शेजारच्या खोलीचं छत बघा. मग आपल्या घरी येऊन पावसाच्या पहिल्या जोरात माळ्यावर चढा, दिवे घालवा, कुठून उजेड दिसतो आणि कुठून पाणी येतं ते खडूने वाशावर लिहून ठेवा. आणि वळचणीला आलेल्या प्रत्येक वाशाच्या टोकाला चाकूचं टोक दाबून बघा. लाकूड चाकूला अडवतंय तोवर वासा चांगला आहे. टोक लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर तो वासा मोजा, आणि दिवाळीच्या आत सुताराला बोलवा.